बी निगेटिव्ह, दोन पिशव्या

दुसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर रक्तपेढीशी फोनवर बोलत होत्या आणि मी त्यांच्या मागे अडकलेला प्रिंटर उघडून बसले होते. "बी निगेटिव्ह, दोन पिशव्या," त्या म्हणाल्या. परत एकदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, "नि-गे-टिव्ह." पलीकडच्या माणसाला 'बी' आणि शेवटचा 'टिव्ह' एवढंच ऐकू जात होतं. शेवटी सिस्टरांनी फोन ठेवला, पर्समधून स्वतःचा मोबाइल काढला आणि त्यावरून निरोप दिला. मला म्हणाल्या, "ताई, हे रोजचं झालंय," आणि ट्रे उचलून निघून गेल्या.

पॉझिटिव्हलाही शेवटी 'टिव्ह'च येतो. प्रिंटर मी तसाच सोडला.

आमचं रुग्णालय पुण्याच्या पेठेतलं, धर्मादाय, साठ खाटांचं. तिथलं नेटवर्क मी सांभाळते. जुन्या इमारतीत ओपीडी, कार्यालय, टेलिफोन ऑपरेटर आणि सर्व्हर. गल्ली ओलांडली की नवी इमारत, तिथे वॉर्ड आणि तळमजल्यावर सीटी स्कॅन. दोन्हींच्या मध्ये एक फायबर, फोनसकट सगळं त्यावरूनच जातं, आणि त्याच्या दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर साध्या केबलला जोडणारे डबे. हे कन्व्हर्टर माझ्या आधीच्या काळातले, १०० एमबीपीएसचे, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. दोन्हीकडे मॅनेजेबल स्विच (सगळ्या केबल जिथे एकत्र येतात ते, सेटिंग बदलता येणारे डबे) होते, पण डब्यातून काढून वीज दिली, एक पत्ता टाकला आणि सोडून दिलं, अशा अवस्थेत. स्विचवर क्यूओएस नावाचं काहीतरी असतं, कोणता डेटा आधी सोडायचा हे ठरवणारं, हे मला माहीत होतं. ते स्वतःच्या हाताने कधी लावलं नव्हतं.

सुरुवात मी ऑपरेटर काकूंच्या वहीपासून केली. काकू वीस वर्षं त्या खुर्चीवर आहेत आणि प्रत्येक तक्रार तारीख-वेळेसकट लिहून ठेवतात. 'स. ११.१०, वॉर्ड २, आवाज तुटला.' 'दु. १२.४०, आयसीयू, तिकडच्यांना ऐकू जात नाही.' अशी चार पानं. मला त्यांच्या वहीइतका भरवशाचा लॉग दुसरीकडे मिळाला नाही, कारण स्विचचं स्वतःचं घड्याळ १९९३ सालात होतं.

वहीतून दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे आवाज तुटायचा तो साधारण मिनिटभर, मग आपोआप सरळ व्हायचा. दुसरी, आणि जास्त मोलाची: बहुतेक वेळा वॉर्डातल्या माणसाला समोरचं नीट ऐकू येत होतं, पण त्याचं बोलणं बाहेर जाताना तुटत होतं. म्हणजे बिघाड एकाच दिशेचा, नव्या इमारतीकडून जुनीकडे जाणारा. केबल खराब असती, किंवा स्पीड-डुप्लेक्सची गडबड (दोन टोकांच्या सेटिंगचा मेळ नसणं) असती, तर पोर्टवर सीआरसी एरर, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाची नोंद, दिसले असते. ते शून्य होते. नव्या इमारतीच्या अपलिंक पोर्टवर (फायबरकडे जाणाऱ्या तोंडावर) 'आउटपुट ड्रॉप'चा, म्हणजे जागा नाही म्हणून टाकून दिलेल्या डेटाचा, आकडा मात्र माझ्या डोळ्यांदेखत वाढत होता.

मग मी सीटीच्या खोलीत जाऊन बसले. टेक्निशियनने एक छातीचा स्कॅन संपवला, इमेज सर्व्हरला पाठवायचं बटण दाबलं, आणि मी त्याच क्षणी बाजूच्या फोनवरून काकूंना लावला. "तुटतंय गं," काकू म्हणाल्या. मला त्या अगदी स्वच्छ ऐकू येत होत्या.

हिशेब तिथेच कागदावर मांडला. सीटीची एक स्लाइस म्हणजे ५१२ गुणिले ५१२ ठिपके, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे अर्धा एमबी. हजार स्लाइसचा स्कॅन ५०० एमबी होतो. एका बाइटचे आठ बिट, तेव्हा १०० एमबीपीएसच्या रस्त्याने तो जायला, रस्ता पूर्ण मोकळा असला तरी, ४० सेकंद लागणार. त्याच रस्त्यावर कॅमेऱ्यांचं चित्रण चोवीस तास चालू. मिनिटभराचा उलगडा झाला. आता फोनकडे बघा. आमचे फोन जी.७११ कोडेकवर (आवाजाचे आकडे करायच्या पद्धतीवर) चालतात. दर २० मिलिसेकंदाला एक पॅकेट, म्हणजे डेटाचा एक तुकडा, सेकंदाला ५०. इथरनेटच्या वेष्टनासकट एका कॉलला ८७ केबीपीएसच्या आसपास लागतात. नव्या इमारतीतले सगळे २२ फोन एकदम चालू असले तरी दोन एमबीपीएसच्या आत काम होतं. शंभरातले दोन. तेवढी जागा मिळेना म्हणून रक्तगट तोडून सांगावा लागत होता.

उरलेल्या ९८ चं काय करायचं, हे मी एकटीने ठरवायची गोष्ट नव्हती. मेट्रन मॅडम, रेडिओलॉजीचे डॉक्टर आणि लेखा विभागाचे साहेब यांना एकत्र बसवलं आणि एकच प्रश्न विचारला: तुमचं कोणतं काम थांबू शकतं? मॅडम लगेच म्हणाल्या की सीटी दोन मिनिटं उशिरा आला तर काय बिघडतं, फोन तुटता कामा नये. डॉक्टरांचा आवाज चढला. पक्षाघाताचा पेशंट टेबलावर असतो तेव्हा इमेजची वाट बघण्यात जाणारं प्रत्येक मिनिट त्याच्या मेंदूतून वजा होतं, हे त्यांनी ज्या कळकळीने सांगितलं ते अजून माझ्या कानात आहे. दोघंही बरोबर होते. मी त्यांना कागदावरचा हिशेब दाखवला. फोनला सगळ्यात पुढे उभं केलं तरी सीटीच्या ४० सेकंदांचे फार तर ४१ होतील. खरं थांबायला हवं ते दुसरंच काहीतरी आहे, भर दुपारी दोन वाजता चालणारा लेखा विभागाचा बॅकअप. साहेबांनी मान डोलावली आणि बॅकअप रात्री दोनवर गेला.

गिगाबिटचे कन्व्हर्टर का नाही घातले, हा प्रश्न कुणालाही पडेल. मागणी त्याच दिवशी टाकली, पण धर्मादाय संस्थेत खरेदी समितीपुढून जाते आणि त्याला वेळ लागतो. शिवाय सीटीचं मशीनही गिगाबिटचं आहे. रस्ता दहापट रुंद केला तरी ते काही सेकंद तो पूर्ण भरू शकतं, आणि बोलण्यातला शब्द हरवायला एवढा वेळ पुष्कळ झाला. तेव्हा प्राधान्य लावायचंच होतं.

पहिल्या प्रयत्नात मी परिस्थिती बिघडवली. संध्याकाळी नव्या इमारतीच्या स्विचवर क्यूओएस चालू केलं, अपलिंकवर प्रायॉरिटी क्यू चालू केली, दोन कॉल करून पाहिले, ठीक वाटलं, घरी गेले. सकाळी साडेदहाला टेक्निशियनचा फोन आला: "मॅडम, इमेज जायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागतोय." पाठोपाठ काकूंचा. आवाज आधी सीटीच्या वेळी तुटायचा, आता एरवीही तुटायला लागला होता. मी ताबडतोब सगळं जसं होतं तसं केलं आणि ठरवलं की आता अंदाजाने काही करायचं नाही, पॅकेट उघडून बघायचं.

जुन्या इमारतीच्या स्विचवर अपलिंकचं मिररिंग लावलं, म्हणजे तिथल्या प्रत्येक पॅकेटची प्रत दुसऱ्या पोर्टवर, लॅपटॉप जोडला, वायरशार्क चालू केलं. जेवणाच्या सुट्टीत, फोन कमी असताना, क्यूओएस पाच मिनिटांसाठी पुन्हा चालू केलं. आणि कारण समोर आलं.

प्रत्येक आयपी पॅकेटच्या डोक्यावर सहा बिटांची एक जागा असते, तिला डीएससीपी म्हणतात. ० ते ६३ यांतला एक आकडा तिथे लिहिता येतो, आणि वाटेतल्या प्रत्येक स्विचने तो वाचून ठरवायचं की याला पुढे काढायचं की थांबवायचं. आवाजाच्या पॅकेटसाठी ठरलेला आकडा ४६. आमचा फोन तो इमानाने लिहीत होता. फोनच्या पोर्टवर पाहिलं तर ४६ दिसत होते. पण अपलिंकवरून बाहेर पडणाऱ्या त्याच पॅकेटवर ० होता. मधला स्विच तो आकडा पुसत होता. आमच्या स्विचचा स्वभाव असा, की क्यूओएस बंद असताना तो आकड्यांना हात लावत नाही. चालू केलं की मात्र, ज्या पोर्टवर 'विश्वास ठेव' असं स्पष्ट सांगितलेलं नाही तिथून येणाऱ्या प्रत्येक पॅकेटचा आकडा शून्य करतो. मी प्रायॉरिटीची रांग उघडली होती, पण त्या रांगेत कोणी उभंच राहू शकत नव्हतं. वर, क्यूओएस चालू होताच स्विचने आपली बफर मेमरी (पॅकेट थांबवून ठेवायची जागा) चार रांगांत सारखी वाटली. फोन, सीटी, कॅमेरे सगळे शून्याच्या एकाच रांगेत, आणि त्या रांगेला मेमरी पूर्वीच्या पावपट. म्हणून सगळ्यांचंच नुकसान.

त्याच कॅप्चरमध्ये आणखी एक गोष्ट होती, जी मी शोधत नव्हते. फोनची पॅकेट चाळता चाळता मला टेलनेटची काही पॅकेट दिसली. त्यातलं एक उघडलं, आत एकच अक्षर होतं. पुढच्यात पुढचं. तिसऱ्या-चौथ्या अक्षराला माझ्या लक्षात आलं की हा माझाच पासवर्ड आहे. मी थोड्या वेळापूर्वी याच अपलिंकवरून नव्या इमारतीच्या स्विचमध्ये टेलनेटने शिरले होते, आणि टेलनेट काहीही झाकत नाही. तोच पासवर्ड दोन्ही स्विचना होता. मी उठून रिसेप्शनच्या पीसीवर गेले, ब्राउझरमध्ये स्विचचा पत्ता टाकला. लॉगिनचं पान उघडलं. जिथे कुणीही नातेवाईक "जरा रिपोर्ट बघते" म्हणून उभा राहतो, त्या पीसीवर. एसएनएमपी, म्हणजे स्विचची माहिती लांबून विचारायची सोय; तिची कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे पासवर्डच, कारखान्यातून आली तशी 'पब्लिक' होती. ज्या स्विचवर मी रक्तपेढीचा फोन पुढे काढायची व्यवस्था लावणार होते, ती व्यवस्था कोणीही मिनिटभरात पुसू शकत होतं. फोनचं काम आणि हे काम वेगळं नव्हतं. दोन्हीकडे स्विचला एकच सांगायचं होतं, की कोणाचं ऐकायचं.

आधी फोन. या खेपेला क्रम वेगळा ठेवला: आधी विश्वास, मग बफर, शेवटी रांग. दोन इमारतींमधल्या अपलिंकवर डीएससीपीवर विश्वास ठेवायला सांगितलं. वॉर्डातल्या पोर्टवर मात्र सरसकट नाही. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी भिंतीतून केबल फोनला जाते आणि फोनच्या पाठीतून पीसीला. पोर्टवर आंधळा विश्वास ठेवला तर पीसीवरचं एखादं सॉफ्टवेअरही ४६ लिहून पुढे घुसू शकतं. पेठेत राहणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर सायरन ऐकला की गर्दी दुभंगते, कारण सायरन रुग्णवाहिकेचाच असतो अशी खात्री असते. म्हणून अट घातली की पोर्टवर फोन ओळखला गेला तरच विश्वास, आणि तोही व्हॉइस व्हीलॅनपुरता, म्हणजे त्याच केबलवर फोनसाठी वेगळ्या काढलेल्या आभासी नेटवर्कपुरता. शिवाय एका पोर्टवरून १२८ केबीपीएसपेक्षा जास्त ४६ आले तर वरचे शून्यावर आणायचे. एका कॉलला ८७ लागतात, तेव्हा खऱ्या फोनला याचा त्रास नाही. ही मर्यादा गरजेची आहे, कारण प्रायॉरिटीची रांग रिकामी होईपर्यंत स्विच बाकीच्यांकडे बघत नाही. तिथे चुकीची गर्दी शिरली तर सीटी उपाशी राहील.

एक बारीक खाच इथे होती, ती मला अर्धा दिवस पुरली. व्हीलॅनच्या टॅगमध्ये तीन बिटांची आणखी एक प्रायॉरिटी असते, ० ते ७. आवाजाला तिथे ५ असतात. काही जुन्या फोनच्या पोर्टवर मी या आकड्यावर विश्वास ठेवायला सांगितलं होतं, आणि त्यांची पॅकेट अपलिंकवर ४० होऊन बाहेर पडत होती. स्विचच्या मूळ तक्त्यात पाचाला आठाने गुणून ४० लिहिलेले होते. आमच्या स्विचवर ४० सुद्धा पहिल्या रांगेतच जातात, त्यामुळे तिथे काही जाणवलं नसतं. पण पलीकडचं टेलिफोन एक्स्चेंज ४६ ची वाट बघत होतं. तक्ता बदलून पाचासमोर ४६ लिहिले.

घंटी वाजवणारे संदेश आवाजापासून वेगळे असतात, त्यांना २४. सीटीचं मशीन स्वतः काहीच लिहीत नाही, म्हणून त्याच्या पोर्टवर आत येतानाच १८ लिहायला लावले आणि त्या रांगेला उरलेल्या जागेतला सगळ्यात मोठा वाटा आणि बफरचाही मोठा हिस्सा दिला. बॅकअपला ८, सगळ्यात मागे. कॅमेऱ्यांना हात लावला नाही.

आता सीटी चालू असतानाही फोनच्या पॅकेटला थांबावं लागलं तर फार तर वायरवर आधीच निघालेल्या एका मोठ्या पॅकेटमागे. १०० एमबीपीएसवर तो वेळ मिलिसेकंदाचा आठवा भाग. बोलणं सहज वाटावं म्हणून आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने एका बाजूच्या विलंबाची मर्यादा १५० मिलिसेकंद सांगितली आहे. टेक्निशियनला बटण दाबायला सांगून मी काकूंना फोन लावला आणि त्यांना टेलिफोनच्या डायरीतले नंबर वाचून दाखवले. काकूंनी लिहून घेतलेले वीसच्या वीस नंबर बरोबर निघाले. मी सेव्ह केलं.

स्विचच्या मॅनेजमेंटचं, म्हणजे त्यात कोणी कसं शिरायचं याचं, काम पुढच्या आठवड्यात, रात्री दहानंतर काढलं. २०४८ बिटांची किल्ली तयार करून एसएसएचची (टेलनेटचंच काम, पण सगळं झाकून) दुसरी आवृत्ती चालू केली, तिने आत शिरून खात्री केली, मगच टेलनेट बंद केलं. साधं वेब पान बंद. 'पब्लिक' काढून एसएनएमपीची तिसरी आवृत्ती, तीही फक्त वाचण्यापुरती. माझ्या नावाचं खातं, माझ्या सहकाऱ्याच्या नावाचं वेगळं. 'अ‍ॅडमिन' नावाने कुणी काय केलं हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. मग स्विचचा पत्ता सगळ्यांच्या व्हीलॅन १ मधून काढून ९९ नंबरच्या वेगळ्या व्हीलॅनमध्ये न्यायचा होता. जुन्या इमारतीत बसून मी नव्या इमारतीच्या स्विचवर व्हीलॅन १ चा इंटरफेस बंद केला, आणि कर्सर गोठला.

अपलिंकच्या ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या जोडणीवर, ९९ ला परवानगी द्यायची राहिली होती. फोन चालू, सीटी चालू, कॅमेरे चालू; फक्त मी बाहेर. धावत गल्ली ओलांडून जिन्याखालच्या रॅककडे गेले. लॅपटॉप थेट स्विचला जोडणारी कॉन्सोल केबल होती, पण जुन्या नऊ पिनांच्या टोकाची, आणि माझ्या लॅपटॉपला तसं पोर्टच नाही. शेवटचे बदल सेव्ह केलेले नव्हते. स्विचची वीज काढून परत दिली असती तर जुनी अवस्था आली असती. पण आमचे फोन नेटवर्कच्या केबलमधूनच वीज घेतात. स्विच उठायला चार-पाच मिनिटं, तेवढा वेळ आयसीयूसकट सगळे वॉर्ड मुके. रात्रीच्या सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, "आत्ता नको, चार नंबरचा पेशंट बरा नाही." मी रॅकचं दार लावलं.

सकाळी तपकीर गल्लीतली दुकानं उघडायच्या आधीच जाऊन उभी राहिले. यूएसबीची कॉन्सोल केबल घेतली, परत येऊन जोडली, ९६०० बॉडवर खिडकी उघडली आणि एन्टर दाबलं. स्विचचं नाव आलं. ट्रंकवर ९९ घातला, जुन्या इमारतीतून एसएसएच करून पाहिलं, मग सेव्ह. त्यानंतर दोनच पत्त्यांवरून लॉगिन चालेल अशी एसीएल लावली, दहा मिनिटं हात लावला नाही तर सत्र आपोआप बंद, आणि कॉन्सोललाही पासवर्ड. मॅनेजमेंटच्या पॅकेटना १६ आकडा देऊन सीटीच्या रांगेत बसवलं, म्हणजे रस्ता तुंबलेला असतानाही मला आत शिरता येईल.

घड्याळही १९९३ मधून बाहेर काढलं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांत घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायला आणि लॉग १८० दिवस जपायला सांगितलं आहे. आमचे लॉग आता वेगळ्या सर्व्हरवर जातात, आणि काकूंच्या वहीतल्या वेळेशी ते सेकंदांच्या फरकाने जुळतात.

लांबून काम करताना 'दहा मिनिटांनी रीलोड' (स्विच बंद होऊन पुन्हा सुरू होणं) लावून ठेवावं असं सगळे सांगतात: अडकलात तर स्विच आपोआप जुन्या अवस्थेत येतो. रुग्णालयात मी ते करत नाही, रीलोडबरोबर फोनची वीज जाते. आमच्या स्विचवर रीलोड न करता कॉन्फिगरेशन मागे फिरवणारा टायमर निघाला. मोठ्या बदलाआधी मी तो लावते, आणि निघण्यापूर्वी रात्रीच्या सिस्टरना विचारून घेते.

गिगाबिटचे कन्व्हर्टर दोन महिन्यांनी आले. डॉक्टरांच्या मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून केलेले कॉल अजून तुटतात. ते वायफायवरून येतात आणि हवेतल्या प्राधान्याची व्यवस्था अ‍ॅक्सेस पॉइंटवर वेगळी लावावी लागते. ते सध्या चालू आहे. कॉन्सोल केबल रॅकच्या दाराला आतून टांगली आहे, आणि तिच्यावर चिठ्ठी आहे: 'नेऊ नये.'